कॉटन ग्रीन ते परळ : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या साहाय्यसेवा

व्याख्या आणि व्याप्ती

शिकवणे आणि परीक्षा घेणे ही महाविद्यालयाची मुख्य कामे. विद्यार्थी शिक्षणात टिकून राहावा, आजारपण, पैशाची चणचण, मानसिक ताण किंवा छळ यांमुळे त्याचे शिक्षण मध्येच सुटू नये, यासाठी या कामांभोवती जी व्यवस्था उभी केली जाते तिला विद्यार्थी-साहाय्यसेवा म्हणतात. समुपदेशन, आरोग्य तपासणी, शिष्यवृत्ती, रेल्वे सवलत, पुस्तकपेढी, अभ्यासिका, अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी आणि तक्रार निवारण हे सर्व तिच्यात येते. अलीकडे हा विषय निघाला की चर्चा थेट मानसिक आरोग्यावर जाते. तो या व्यवस्थेचा एक भाग आहे. मनाचा ताण पुष्कळदा फी, जागा, झोप आणि प्रवास यांतून आलेला असतो, त्यामुळे या सेवा वेगवेगळ्या समजल्या की त्यांचा निम्मा उपयोग जातो.

परिसर

कॉटन ग्रीन हे हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्या मधले स्थानक. कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे आला तेव्हा त्याबरोबर नावही आले. स्थानकाच्या एका अंगाला गोदामे आणि बंदराकडे जाणारे रस्ते आहेत, तर दुसऱ्या अंगाला काळाचौकी, अभ्युदयनगर आणि पुढे लालबाग. येथील मुले परळ, दादर, वडाळा आणि माटुंगा येथील महाविद्यालयांत जातात. माटुंग्याला जाणारा विद्यार्थी वडाळ्यावरून किंग्ज सर्कलला उतरतो. परळला जाणाऱ्याला रेल्वेचा उपयोग नाही, तो चालत किंवा बसने जातो. अनेकांची घरे एका खोलीची आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असतील, तर तेथे अभ्यास रात्री अकरानंतर सुरू होतो आणि फोनवर खासगी बोलणे जवळजवळ अशक्य असते. साहाय्यसेवांचा विचार करताना ही दोन तथ्ये सतत समोर ठेवावी लागतात.

पूर्वपीठिका

विद्यार्थ्याला शिकवण्याबरोबर सावरावेही लागते, ही जाणीव महाराष्ट्राला परकी नाही. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली, आणि परळचा दामोदर हॉल त्या कामाचे केंद्र झाला. 1924 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली, तिचे कार्यालयही दामोदर हॉलमध्येच होते. वसतिगृह आणि वाचनालय या गोष्टी सभेच्या कार्यक्रमात आरंभापासून होत्या. आंबेडकरांच्याच पुढाकाराने 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे विद्यार्थ्याला दिवसा नोकरी करता येई. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर उभे केले. आज या तत्त्वाची योजना राज्यातील अनेक विद्यापीठांत आहे. या चारही प्रयत्नांत एक समान सूत्र दिसते : आधी विद्यार्थ्याची अडचण पाहायची, मग वेळापत्रक, निवास आणि नियम तिच्या मापाने बेतायचे. आताच्या कक्षांची आणि समित्यांची रचना पाहताना हाच निकष लावावा असे वाटते.

पहिली खूण : अनुपस्थिती

मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत 75 टक्के उपस्थितीची अट असते. सत्र संपत आले की सूचनाफलकावर कमी उपस्थितीच्या विद्यार्थ्यांची यादी लागते. मुले तिला 'डिफॉल्टर लिस्ट' म्हणतात. यादीत अनुक्रमांक, नाव आणि टक्केवारी असे तीन रकाने असतात. कारणाचा रकाना नसतो. पुढची पायरी म्हणजे पालकांना बोलावणे आणि हमीपत्र लिहून घेणे.

वास्तविक, अडचणीतल्या विद्यार्थ्याची पहिली लेखी खूण हीच यादी असते. पहाटेच्या पाळीत सामान पोहोचवणारा मुलगा सकाळच्या तासाला येत नाही. क्षयाचे औषध नुकतेच सुरू झालेली मुलगी महिनाभर दिसत नाही. नैराश्य आलेला विद्यार्थी तर घरून वेळेवर निघतो, पण वर्गात पोहोचत नाही. यादीत तिघेही सारखेच दिसतात. ती सत्राच्या शेवटी लावण्याऐवजी दर महिन्याला तयार झाली आणि प्राचार्यांच्या कार्यालयाआधी वर्गाच्या मार्गदर्शक प्राध्यापकाकडे गेली, तर उपस्थितीचा नियम जसाच्या तसा ठेवूनही तिचा उपयोग पार बदलतो. याला वेगळा निधी लागत नाही.

मार्गदर्शक प्राध्यापक

बहुतेक महाविद्यालयांत प्रत्येक प्राध्यापकाकडे काही विद्यार्थी सोपवलेले असतात. या योजनेला सर्वत्र 'मेंटॉर-मेंटी' म्हणतात. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे 'नॅक', हिच्या मूल्यांकनात 'विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती' हा पाचवा निकष आहे, त्यामुळे या योजनेची नोंदवही काळजीपूर्वक भरली जाते. प्रत्यक्षात एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी आहेत यावर सारे अवलंबून असते. वीस विद्यार्थी असतील तर नावे आणि घरची परिस्थिती लक्षात राहते. शंभर झाले की फक्त सह्या गोळा होतात. मार्गदर्शकाने समुपदेशन करणे अपेक्षित नाही. विद्यार्थी बदलला आहे हे ओळखणे, त्याचे ऐकून घेणे आणि त्याला योग्य दारापर्यंत नेणे एवढेच त्याचे काम, आणि व्यवस्थेतले सर्वांत नाजूक कामही हेच.

समुपदेशन कक्ष

समुपदेशन म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक वेळेत, गोपनीयतेच्या हमीवर केलेला संवाद. त्यात उपदेश नसतो. विद्यार्थी आपली अडचण मांडतो, समुपदेशक प्रश्नांच्या साहाय्याने ती सुटी करतो, आणि पुढे काय करता येईल ते दोघे मिळून ठरवतात. एक भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. परीक्षेची भीती, विषय राहून केटी लागल्यावर घरी सांगण्याचे दडपण, प्रेमभंग, इंग्रजीचा न्यूनगंड, घरातले व्यसन, विषय चुकल्याची जाणीव हे येथे नेहमी येणारे प्रश्न.

समुपदेशक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांत फरक आहे. समुपदेशक मानसशास्त्राचा किंवा समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यास केलेला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि तो चाचण्या व मानसोपचार करतो. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, आणि या तिघांत औषध लिहून देण्याचा अधिकार त्यालाच असतो. महाविद्यालयात बहुधा समुपदेशकच असतो, तोही आठवड्यातून एक-दोन दिवस येणारा.

कक्षाची जागाही महत्त्वाची ठरते. कार्यालयाच्या रांगेसमोर उघडणारे दार असेल, तर आत जाणारा प्रत्येक जण वीस डोळ्यांसमोरून जातो. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी ठळक पाटी आणि बाहेर नाव लिहिण्याची वही असेल तर ज्याला सर्वांत गरज आहे तोच फिरकत नाही. ग्रंथालयाच्या मजल्यावरची आडबाजूची खोली आणि नावाऐवजी क्रमांकाने दिलेली वेळ, एवढ्या बदलाने हा अडसर बराच कमी होतो.

गोपनीयता आणि तिची मर्यादा

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 हा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 23 नुसार मानसिक आजाराच्या व्यक्तीला आपल्या आरोग्याविषयीची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क आहे. समुपदेशनाचे व्यावसायिक आचारनियमही हेच सांगतात. म्हणून कक्षात झालेले बोलणे वर्गशिक्षकाला, प्राचार्यांना किंवा पालकांना परस्पर सांगता येत नाही. विद्यार्थ्याच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका दिसत असेल तेव्हा याला अपवाद होतो, आणि हा अपवाद पहिल्याच भेटीत स्पष्ट करणे ही योग्य पद्धत.

एक बारकावा सहसा दुर्लक्षित राहतो. मुंबईत अकरावी-बारावीचे वर्ग अनेकदा महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात आणि तेथील बहुतेक मुले 18 वर्षांखालची असतात. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, म्हणजे पोक्सोनुसार, ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. एकाच कक्षात दोन वयोगटांसाठी दोन नियम चालतात, आणि समुपदेशकाला दोन्ही माहीत असावे लागतात.

याच अधिनियमाचे कलम 115 सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये. तिची काळजी घेणे आणि उपचार पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. पोलिसी चौकशीच्या भीतीने कुटुंबे उपचार टाळतात, म्हणून ही तरतूद महाविद्यालयात माहीत असणे आवश्यक आहे.

2025 चे निर्देश

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात होती. 24 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यानंतर 25 जुलै 2025 रोजी सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांसाठी 15 निर्देश दिले. योग्य कायदा होईपर्यंत ते बंधनकारक आहेत.

निर्देशांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी ठेवावी. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि मदतवाहिन्यांचे क्रमांक ठळकपणे लावावेत. मोठ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने किमान एक ही संख्या फारच कमी आहे. तीन हजार विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असेल, तर प्रत्येकाला वर्षातून एक तास देणेही त्याला शक्य नाही. म्हणून बाहेरची जोडणी मोठ्या संस्थांनाही तितकीच लागते.

बाहेरची जोडणी

या बाबतीत कॉटन ग्रीन-परळ हा भाग सुदैवी आहे. परळचे केईएम रुग्णालय स्थानकापासून तीन किलोमीटरच्या आत आहे. 1926 मध्ये सुरू झालेल्या या महापालिका रुग्णालयात मनोविकारशास्त्राचा विभाग आहे. बाह्यरुग्ण विभागात नाममात्र शुल्काचा केस पेपर काढून तपासणी होते. मात्र सकाळी लवकर रांगेत उभे राहावे लागते. पहिल्यांदाच जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा त्या गर्दीत इमारत, मजला, खिडकी शोधत फिरतो आणि पुष्कळदा तसाच परत येतो. महाविद्यालयाने चिठ्ठीवर इमारत, दिवस आणि वेळ लिहून दिली आणि पहिल्या भेटीला सोबत कोणी गेले, तर तो डॉक्टरपर्यंत पोहोचतो. साहाय्यसेवा अपयशी ठरतात त्या बहुधा अशा सांध्यांवर. दोन्ही टोकांना सेवा असते, मधला रस्ता कोणाच्याच कामाचा भाग नसतो.

दूरध्वनीवरची सेवा हा दुसरा मार्ग. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2012 मध्ये सुरू केलेली 'आयकॉल' ही सेवा दूरध्वनी, ईमेल आणि चॅटद्वारे समुपदेशन करते. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. तिचा 14416 हा क्रमांक नि:शुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. एका खोलीच्या घरातून मात्र फोन करता येत नाही. लेखी चॅटचे महत्त्व येथे कळते. महाविद्यालयाने फोनवर बोलण्यासाठी एक बंद खोली तासभर जरी मोकळी ठेवली, तरी बराच फरक पडतो.

पैसा

शिष्यवृत्तीचे अर्ज 'महाडीबीटी' या शासकीय संकेतस्थळावर भरले जातात. अनुसूचित जाती, जमाती, भटक्या व इतर मागासवर्गासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि तिची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये आहे. 2024-25 पासून हीच उत्पन्नमर्यादा असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे.

योजना पुरेशा आहेत. अडचण कागदांत आहे. उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि लागेल तेथे जात प्रमाणपत्र, यांपैकी एक जरी अडले तरी अर्ज परत येतो. महाविद्यालयातील जो लिपिक हा परत आलेला अर्ज पुन्हा भरून घेतो, तो खऱ्या अर्थाने साहाय्यसेवेतला माणूस असतो, जरी कोणत्याही अहवालात त्याचे नाव नसले तरी.

रेल्वेचा विद्यार्थी पास नेहमीच्या पासाच्या निम्म्या दरात मिळतो. त्यासाठी महाविद्यालयाचा सवलतीचा दाखला लागतो, ज्याला मुले 'कन्सेशन' म्हणतात.

अभ्यासाची जागा

लहान घरांच्या वस्तीत शांत जागा ही आरोग्याचीच गरज आहे. झोप आणि अभ्यास दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात. लालबाग-परळमध्ये ही गरज सार्वजनिक मंडळांनी ओळखली. लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ वर्षभर अभ्यासिका आणि पुस्तकपेढी चालवते. पुस्तकपेढीची रीत सोपी : वर्षाच्या आरंभी संच घ्यायचा, परीक्षेनंतर परत करायचा. महाविद्यालयांची ग्रंथालये संध्याकाळी बंद होतात, आणि नोकरी करणाऱ्या मुलांचा अभ्यास तेव्हाच सुरू होतो. परीक्षेच्या दोन महिन्यांत वाचनकक्ष रात्री दहापर्यंत उघडा ठेवणे हा समुपदेशनाइतकाच परिणामकारक उपाय आहे, असे माझे मत आहे.

शरीराचे आरोग्य

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सततचा थकवा आणि वर्गात लक्ष न लागणे ही रक्तक्षयाचीही लक्षणे आहेत आणि नैराश्याचीही. म्हणून समुपदेशन कक्षात आलेल्या मुलीची हिमोग्लोबिन तपासणी सुचवणे शहाणपणाचे ठरते.

क्षयरोग हा दुसरा प्रश्न. महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय कॉटन ग्रीनच्या शेजारी, शिवडीत आहे. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आणि सरकारी केंद्रांत नि:शुल्क असतो. औषधे नियमित सुरू राहिली की संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्गात परतता येते. तरीही आजार लपवला जातो, वर्ष वाया जाते. उपस्थितीतील वैद्यकीय सवलत नेमकी कोणाकडे मागायची हे प्रवेशपुस्तिकेत एका ओळीत छापलेले असावे.

अपंगत्व आणि अध्ययन अक्षमता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची अपंगत्वे मान्य आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजारही येतात. लेखनिक आणि परीक्षेत जादा वेळ या सवलती प्रमाणपत्रावर मिळतात. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाने 2003 मध्ये दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र उभारले. संगणक, ध्वनिरूप पुस्तके आणि प्रशिक्षण एकाच ठिकाणी मिळाल्यावर काय साधते, हे तेथे पाहायला मिळते.

तक्रार आणि संरक्षण

ताणाचे कारण एखादी व्यक्ती असेल तेव्हा समुपदेशन पुरत नाही, तेथे कारवाईच हवी. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा 1999 मध्येच केला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी नियम 2009 चे आहेत. लैंगिक छळासाठी 2013 च्या कायद्याखालील अंतर्गत तक्रार समिती असते. जातीवरून होणाऱ्या भेदभावासाठी आयोगाने 2012 मध्ये नियम केले. प्रवेश, फी, मूळ कागदपत्रे अडवणे, निकाल अशा बाबींसाठी 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिच्या निर्णयावर लोकपालाकडे अपील करता येते. समुपदेशक आणि या समित्या यांचा संबंध एकाच दिशेचा असावा. विद्यार्थ्याच्या संमतीने कक्षातून प्रकरण समितीकडे जावे. समितीने मात्र कक्षातली टिपणे मागू नयेत.

वेळेची मर्यादा

महाविद्यालयीन सेवा सत्राच्या दिनदर्शिकेवर चालतात. ताण त्या दिनदर्शिकेने येत नाही. निकाल पुष्कळदा सुट्टीत लागतात, तेही रात्री, मोबाइलवर. प्रवेशाची शेवटची तारीख सुट्टीत येते. त्या दिवसांत समुपदेशक कामावर नसतो, कारण त्याचा करार सत्रापुरता असतो. तो बारा महिन्यांचा करणे, निदान निकालाच्या आठवड्यापर्यंत वाढवणे, हा महाविद्यालयाच्या हातातला निर्णय आहे. तोपर्यंत निकालाच्या रात्री या परिसरात दोन दारे उघडी असतात : केईएमचा अपघात विभाग आणि 14416 हा क्रमांक.